एंजिनाची तहान

वैशाखात अकोला-अमरावतीचा रस्ता किती तापतो, हे वऱ्हाडातील वाचकांस सांगणे नलगे. अशा उष्ण हवेत एंजिनावर मोठा भार पडला, म्हणजे सिलिंडरातील मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटतो, ठोके ऐकू येतात व पिस्टनास भोक पडण्याचेही भय असते. म्हणून काही शक्तिमान एंजिनांत आत जाणाऱ्या हवेवर पाण्याचा सूक्ष्म फवारा सोडितात. माठ झिरपून पाणी गार होते, त्याच न्यायाने हे पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते.

परंतु हा फवारा बंद पडल्यास चालकास दिसणार कसे? त्यासाठी टाकीतील पातळी, नळीतील दाब व पाण्याचा प्रवाह यांवर पहारा ठेवावा लागतो. दाबच नसेल, तर पंप थांबला किंवा नळी गळते. दाब असून प्रवाह नसेल, तर फवाऱ्याचे छिद्र क्षाराने बुजले, असे समजावे.

१९६२ साली अमेरिकेत निघालेल्या ओल्ड्समोबील जेटफायर मोटारीत पाणी व मेथिल अल्कोहोल यांची टाकी असे. ती रिती होताच एक झडप हवेचा जादा दाब रोखी. शक्ती घटे, पण एंजिन वाचे. तथापि अनेक मालक टाकी भरण्याचाच आळस करीत!

विद्यार्थिमित्रहो, तेलावाचून दिवे घेऊन निघालेल्या कुमारींचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहेच. उणीव वेळीच ओळखणे, हेच खरे शहाणपण होय.