सर्व्हर-निरीक्षणातील नोंदींचे जतन

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा पुरविणारा संगणक. त्याच्या स्थितीची मापने किती कालांतराने घ्यावयाची व नोंदी किती काळ ठेवावयाच्या, हे निरीक्षण-प्रणालीत आधीच ठरवून द्यावे लागते. प्रक्रियकावरील भार, स्मृतीचा वापर, चकतीवरील मोकळी जागा ही नेहमीची मापने होत. कालांतर लहान असल्यास नोंद सूक्ष्म होते. पण जागाही त्या मानाने अधिक लागते. म्हणून ताज्या नोंदी सूक्ष्म ठेवून जुन्यांचे टप्प्याटप्प्याने संक्षेपण करतात, म्हणजे अनेक नोंदींच्या जागी बहुधा त्यांची सरासरी ठेवतात.

टोबियास ओटिकर यांच्या एमआरटीजी (1995) या प्रणालीत जालातील वाहतुकीचे दैनिक आलेख 5 मिनिटांच्या, तर वार्षिक आलेख एका दिवसाच्या सरासरीवरून काढीत. त्यांनीच 1999 मध्ये प्रसृत केलेल्या आरआरडीटूलमध्ये फाइलीचा आकार प्रारंभीच कायम होतो आणि रहाटगाडग्याप्रमाणे फिरत येणारी नवी नोंद सर्वांत जुन्या नोंदीची जागा घेते. नोंदींच्या वाढीनेच चकती भरून जाण्याची भीती त्यामुळे राहत नाही.

ऑर्बिट्झ या अमेरिकन प्रवास-आरक्षण कंपनीत 2006 मध्ये तयार झालेल्या ग्रॅफाइट प्रणालीनेही हेच तत्त्व स्वीकारले. तीत 10 सेकंदांच्या नोंदी 6 तास, 1 मिनिटाच्या 7 दिवस व 10 मिनिटांच्या 5 वर्षे ठेवावयाच्या झाल्यास एका मापनासाठी 2,75,040 नोंदींची जागा लागते. प्रत्येक नोंदीस 12 बाइट धरता हे सु. 33 लाख बाइट होतात. 10 सेकंदांच्याच नोंदी 5 वर्षे ठेवल्यास सु. 18.9 कोटी बाइट लागतील.

ही काटकसर फुकट होत नाही. प्रक्रियकावर एरवी 10% भार असून तो 30 सेकंद 100% झाल्यास 5 मिनिटांची सरासरी 19% येते. तासाची सरासरी 10.75% भरते. सेवा नेमकी त्या अर्ध्या मिनिटात कोलमडली असेल, तर महिन्यानंतर कारण शोधणाऱ्यास तो तास शांतच दिसतो. म्हणून सरासरीबरोबर कमाल मूल्यही ठेवणे इष्ट. झॅबिक्समध्ये तासाच्या किमान, सरासरी व कमाल मूल्यांची स्वतंत्र नोंद होते. उलट, विनंत्यांची संख्या मोजताना सरासरी नव्हे, तर बेरीज ठेवावी लागते. शतमकांची सरासरी तर गणितीदृष्ट्या निरर्थकच होय.

एक चूक सहज होते व उशिरा उमगते. कालांतर 10 सेकंद ठरविले, पण मापन प्रत्यक्षात मिनिटास एकदाच येत असले, तर सहापैकी पाच जागा रिकाम्या राहतात. ग्रॅफाइटमध्ये संक्षेपणासाठी मूळ नियमानुसार निदान निम्म्या जागा भरलेल्या असाव्या लागतात. त्यामुळे पुढील टप्प्यात काहीच उतरत नाही. 6 तासांपर्यंत आलेख व्यवस्थित दिसतो, त्यामागे मात्र सर्व कोरे असते.

प्रोमीथियस ही प्रणाली स्वतः संक्षेपण करीत नाही. वेगळी सूचना नसल्यास ती 15 दिवसांनंतरच्या नोंदी काढून टाकते. ग्रॅफाइटमधील जतनाचे नियम बदलले, तरी ते नव्या फाइलींनाच लागू होतात. जुन्या फाइली वेगळ्या साधनाने रूपांतरित करता येतात. मात्र सरासरीत विरलेली सूक्ष्म मूल्ये त्यातूनही परत मिळत नाहीत.