श्वानपिल्लांचे जमिनीवर पार्श्वभाग घासणे : कारणमीमांसा आणि श्वानपालकांची भूमिका

प्रस्तावना :

कुत्र्याचे पिल्लू खाली बसते, मागचे दोन्ही पाय पुढे पसरते आणि पुढच्या पायांनी शरीर ओढत जमिनीवर पार्श्वभाग घासत पुढे सरकते. ज्या घरात कुत्रा पाळला जातो त्या घरात हे दृश्य केव्हा ना केव्हा दिसतेच. लहान मुलांना त्याची गंमत वाटते, मोठ्यांना फरशी खराब होण्याची चिंता वाटते आणि घरातील एखादी जाणती व्यक्ती 'जंत झाले असतील, औषध द्या' असे सांगून विषय संपविते. औषध दिले जाते. काही दिवस पिल्लू स्वस्थ दिसते आणि पुन्हा घासू लागते.

पार्श्वभाग घासणे हा स्वतंत्र रोग नसून गुदद्वाराच्या परिसरात खाज, दाह, वेदना किंवा दाब असल्याचे ते एक लक्षण होय. या लक्षणामागे परस्परांशी संबंध नसलेली अनेक कारणे असू शकतात. ती ओळखण्यापूर्वीच औषध देण्याची जी रीत रूढ झाली आहे, तिच्यामुळे पिल्लाचा त्रास लांबतो आणि काही प्रसंगी घरातील मुलांच्या आरोग्याचाही प्रश्न निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या कारणांचा व उपायांचा विचार याच अंगाने केला आहे.

'जंत' या शब्दातील संदिग्धता :

पार्श्वभागाची खाज म्हणजे जंत, हे समीकरण मराठी घरांत मुलांच्या अनुभवातून आले असावे. लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज सुटते, त्याचे कारण बहुधा सूतकृमी हे असते. या कृमीची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवतालच्या त्वचेवर अंडी घालते. हाच अनुभव सहजपणे पिल्लाला लावला जातो. तथापि मुलांना होणारा सूतकृमी हा माणसाचा कृमी आहे, तो कुत्र्याला होत नाही. म्हणून मुलाला सूतकृमी झाल्यास त्याचा दोष घरातील कुत्र्याला देणे जितके चुकीचे, तितकेच पिल्लाच्या खाजेचे उत्तर मुलाच्या औषधात शोधणेही चुकीचे ठरते. गोड खाल्ल्याने जंत होतात, हा समजही असाच निराधार आहे.

पिल्लांना जंत होतात, याविषयी मात्र दुमत नाही. टॉक्सोकॅरा कॅनिस या गोलकृमीच्या अळ्या गर्भावस्थेतच आईकडून पिल्लाच्या शरीरात शिरतात. अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या दुधावाटे येतात आणि कृमी मोठे झाल्यावर आतड्यातून रक्त शोषतात. याच कारणास्तव पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून आठ आठवड्यांचे होईपर्यंत दर पंधरवड्याला जंतनाशक द्यावे, असे पशुवैद्यक सांगतात. परंतु गोलकृमीची ठळक लक्षणे म्हणजे फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, उलटी आणि पातळ शौच ही होत. त्यांच्यामुळे पार्श्वभाग घासला गेलाच तर तो बहुधा जुलाबाने त्वचा हुळहुळी झाल्यामुळे. गुदद्वाराशी प्रत्यक्ष खाज निर्माण करणारा कृमी वेगळाच आहे.

पट्टकृमी आणि पिसू :

हा कृमी म्हणजे डायपायलिडियम कॅनिनम हा पट्टकृमी. लहान आतड्यात राहणारा हा कृमी अर्ध्या मीटरपर्यंत लांब होतो. त्याचे शरीर अनेक खंडांचे बनलेले असून अंड्यांनी भरलेले शेवटचे खंड सुटून शौचाबरोबर, आणि कित्येकदा शौचाविनाही, बाहेर पडतात. ताजा खंड साधारण एक सेंटिमीटर लांब, काकडीच्या बीसारखा दिसतो व वळवळतो. त्या हालचालीनेच पिल्लाला खाज सुटते. वाळल्यावर तो तांदळाच्या कणीसारखा होऊन शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणाला चिकटून राहतो. पुष्कळ घरांत ही 'कणी' अन्नाचा अंश समजून झटकून टाकली जाते.

या खंडातील अंडी दुसऱ्या कुत्र्याने गिळली तरी त्याला हा कृमी होत नाही, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यासाठी मध्यस्थ पोशिंदा लागतो आणि तो म्हणजे पिसू. अंथरुणातील, फटींतील पिसवांच्या अळ्या ही अंडी खातात, अळीची पिसू होईतो कृमीही तिच्या शरीरात वाढतो आणि पिल्लू अंग चावताना ती पिसू गिळते. कुत्र्यांच्या अंगावरील एका प्रकारची ऊदेखील हे काम करू शकते, मात्र मुख्य वाहक पिसूच. पिसू गिळल्यापासून सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा खंड पडू लागतात. औषध देऊनही महिन्याभरात पिल्लू पुन्हा घासू लागते, याचे एक मोठे कारण येथे दडलेले आहे. कृमी मारला जातो, पिसवा मात्र घरातच राहतात.

दुसरे कारण औषधाच्या निवडीत आहे. औषधाच्या दुकानात 'जंताचे औषध' या एकाच नावाने निरनिराळी रसायने मिळतात. पायरँटेल हे गोलकृमी व अंकुशकृमींवर चालते, पट्टकृमीवर नाही. फेनबेंडाझोल काही पट्टकृमींवर उपयुक्त असले तरी डायपायलिडियमवर त्याचा भरवसा नाही. आयव्हरमेक्टिन पट्टकृमीवर निरुपयोगी असून कोली व तत्सम जातींच्या काही कुत्र्यांत, एका जनुकीय दोषामुळे, मोठ्या मात्रेत ते मज्जासंस्थेस घातक ठरते. डायपायलिडियमवर गुणकारी औषध प्राझिक्वान्टेल हे होय आणि तेही चार आठवड्यांखालील पिल्लांना सहसा दिले जात नाही. भारतात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनानिमित्त शाळांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मुलांसाठी हा उपक्रम मोलाचा आहे. पण घरात उरलेली अशी गोळी तोडून पिल्लाला देणे सर्वथा अयोग्य होय, कारण अल्बेंडाझोलमुळे कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर दुष्परिणाम झाल्याच्या नोंदी आहेत.

माणसाच्या मुलाने चुकून पिसू गिळल्यास त्यालाही हाच पट्टकृमी होऊ शकतो. आजार सौम्य असतो व औषधाने बरा होतो. मात्र मुलाच्या शौचात दिसलेला खंड सूतकृमी समजला जाऊन भलतेच उपचार होण्याचा संभव असतो. अशा वेळी घरात कुत्रा आहे ही माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे ठरते.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. कुत्र्याकडून माणसाला होणाऱ्या पट्टकृमींपैकी सर्वांत गंभीर असा एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा केवळ काही मिलिमीटर लांबीचा असतो. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंच्या संख्येने असला तरी कुत्रा बहुधा पूर्णतः निरोगी दिसतो. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात मात्र त्याच्या अळीमुळे मोठ्या गाठी होतात. शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्यांत तो आढळतो. म्हणजे पिल्लू घासत नाही, यावरून ते जंतमुक्त आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

गुदकोश :

कृमींखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे गुदकोश. गुदद्वार ही घड्याळाची तबकडी मानली तर साधारण चार आणि आठ या आकड्यांच्या जागी, त्वचेखाली, दोन लहान पिशव्या असतात. त्यांतील उग्र वासाचा द्राव शौचाच्या वेळी पडणाऱ्या दाबाने अरुंद नलिकांतून बाहेर येतो. कुत्री एकमेकांचा मागील भाग हुंगतात, त्यामागे या वासाचाही भाग आहे. शौच सतत पातळ असेल तर पिशव्यांवर पुरेसा दाब पडत नाही, द्राव साचून घट्ट होतो आणि कुत्रा घासू लागतो, शेपटीखाली चाटू लागतो. घरात कुजक्या मासळीसारखा वास येतो. उपचार न झाल्यास पिशवीत जंतुसंसर्ग होऊन गळू होते व गुदद्वाराच्या एका बाजूस लाल सूज येऊन ते फुटते. हे दुसऱ्या कुत्र्याच्या चाव्याचे व्रण आहेत असे समजून दुर्लक्ष केले जाते. पावसाळ्यात अशा उघड्या जखमेत माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. मग घरगुती उपाय म्हणून त्यावर रॉकेल वा फिनाईल ओतले जाते, ज्याने कोवळी त्वचा भाजते आणि चाटल्यास ते पोटातही जाते.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक कुत्र्यांच्या वैद्यकीय नोंदी तपासून 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षभरात सुमारे 4.4 टक्के कुत्र्यांत गुदकोशाचे विकार आढळले. आखूड नाकाच्या जातींत त्यांचे प्रमाण अधिक होते. ब्रिटनमधील हे आकडे आपल्याकडील गावठी कुत्र्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु शहरांतून पग व शिह त्झू यांसारख्या जातींचा प्रसार होत असताना त्यांकडे डोळेझाक करणेही योग्य नव्हे. अगदी लहान पिल्लांत हे विकार तुलनेने कमी आढळतात. म्हणून पिल्लाचा विचार करताना कृमी, पिसवा व जुलाब यांकडे प्रथम पाहावे, वाढत्या वयात गुदकोशाकडे.

निरोगी कुत्र्याचे गुदकोश नियमितपणे पिळून रिकामे करण्याची प्रथा काही ठिकाणी, विशेषतः केस कापण्याच्या सेवेचा भाग म्हणून, रूढ होत आहे. त्याची गरज नसते आणि वारंवार दाबल्याने उलट दाह होऊ शकतो.

आहार व अन्य कारणे :

मराठी घरांत पिल्लू आणले की त्याला दूध-पोळी किंवा दूध-भाकरी देण्याची प्रेमळ रीत आहे. आईचे दूध सुटल्यावर पिल्लाच्या आतड्यातील दुग्धशर्करा पचविण्याची क्षमता कमी होत जाते आणि गाई-म्हशीच्या दुधाने त्यास जुलाब होतात. पातळ शौचाने शेपटीखालचे केस माखतात, त्वचा लाल होते आणि पिल्लू घासू लागते. पॉमेरेनियन, ल्हासा अप्सो यांसारख्या लांब केसांच्या पिल्लांत वाळलेल्या शौचाचा गठ्ठा बनून गुदद्वार अक्षरशः झाकले जाते. येथे जंतनाशकाची नव्हे, कोमट पाण्याची व कात्रीची गरज असते. याशिवाय शेपटीच्या मुळाशी चिकटलेली गोचीड, त्वचेची ॲलर्जी, मादी पिल्लांत योनिमार्गाचा दाह ही कारणेही असू शकतात. ॲलर्जी मात्र सहसा सहा महिन्यांनंतर प्रकट होते.

श्वानपालकाने करावयाची कार्यवाही :

औषधापूर्वी पाहणे, हा येथील पहिला नियम. एकाने पिल्लाला प्रेमाने धरावे, दुसऱ्याने शेपूट उचलून उजेडात पाहावे. कणीसारखे खंड, केसांतील काळी भुकटी, माखलेले शौच, गोचीड, एका बाजूची सूज यांपैकी काय दिसते ते नोंदवावे. काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर घेतल्यास तांबूस डाग उमटतो. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. वेदना असलेले पिल्लू चावू शकते. तसे झाल्यास, लसीकरण झालेले असो वा नसो, जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खंड आढळल्यास तो लहान बाटलीत थोड्या पाण्यासह पशुवैद्यकाकडे न्यावा. डायपायलिडियमची अंडी खंडातच राहत असल्याने शौचाच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत ती अनेकदा निसटतात व अहवाल 'जंत नाहीत' असा येतो. बाटलीतील खंड येथे अधिक बोलका पुरावा ठरतो. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने पिल्लाचे वजन करून घ्यावे. लसूण, कापूर, तंबाखू यांसारखे उपाय टाळावेत. लसणाने कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, कापूर व तंबाखू तर सरळ विषारी होत. जुलाब असल्यास दूध बंद करून साधा भात व शिजविलेली कोंबडी असा हलका आहार काही दिवस द्यावा. मीठ-मसाल्याविना शिजविलेल्या लाल भोपळ्यातील तंतूंनी शौच घट्ट होण्यास मदत होते, असा अनेकांचा अनुभव आहे. सूज, रक्त, पू, ताप किंवा अन्न न घेणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

पिसवांचा बंदोबस्त मात्र कुत्र्यापुरता करून भागत नाही. पिसवांची बहुतांश संख्या अंडी, अळ्या व कोष या रूपांत कुत्र्याच्या अंगाबाहेर, गोधडीत आणि फरशीच्या सांध्यांत असते. दमट हवा त्यांना मानवते, म्हणून पावसाळ्यात हा उपद्रव वाढतो. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, कोपरे रोज झाडावेत, घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करावेत. कुत्र्यांसाठीचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला चुकूनही लावू नये, ते मांजराच्या जिवावर बेतू शकते. अंगणातील शौच रोजच्या रोज उचलावे. गोलकृमीच्या अंड्यांना संसर्गक्षम होण्यास मातीत दोन आठवड्यांच्या आसपास काळ लागतो, त्यामुळे ताजे शौच उचलले की मातीत खेळणाऱ्या मुलांचा धोका पुष्कळ अंशी टळतो. कोषातील पिसू अनेक आठवडे तग धरत असल्याने हा क्रम किमान तीन महिने चालू ठेवावा लागतो. पट्टकृमीचे औषध दिल्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी आणि तीन आठवड्यांनी पिल्लाचे अंथरूण उजेडात झटकून पुन्हा कणी दिसते का, हे पाहावे.