लिंडेनच्या नावाची धामण

इंग्रजी गोष्टींच्या मराठी अनुवादांत एक झाड हमखास दगा देतं. मूळ गोष्टीतली मंडळी 'लाइम'च्या झाडांखाली बसलेली असतात आणि मराठीत येताना ती थेट लिंबाखाली जाऊन बसतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काटेरी लिंबोणी येते. आम्ही वऱ्हाडातली माणसं 'लिंब' म्हटलं की कडुलिंब समजतो, त्यामुळे आमचा गोंधळ आणखीनच निराळा! हे 'लाइम' या दोघांपैकी कुणीच नव्हे. जर्मन लोक त्याला 'लिंडे' म्हणतात. बर्लिनमधल्या 'उंटर डेन लिंडेन' या प्रसिद्ध रस्त्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं आहे.

या लिंडेनची लहान पानांची जी जात आहे, तिला फिलिप मिलर यांनी १७६८ साली 'टिलिया कॉर्डाटा' असं नाव दिलं. कॉर्डाटा म्हणजे हृदयाच्या आकाराची. हे झाड मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. पाहिली आहेत ती त्याची चित्रं, जुन्या युरोपीय वनस्पतिग्रंथांतली. पण त्या चित्रांनी झाड इतकं ओळखीचं करून टाकलं आहे की उद्या रस्त्यात भेटलं तर मी नमस्कार करीन. दातेरी कडांचं पान, देठाशी किंचित एकीकडे झुकलेलं. पान उलटं केलं की शिरांच्या बेचक्यांत तांबूस लवेचे झुबके. फुलांचा दांडा थेट फांदीतून निघत नाही. फिकट हिरव्या, जिभेसारख्या एका लांबट पानावर तो चिकटलेला असतो. पुढे फळं धरली की तेच पान पंख होतं आणि वाऱ्यावर गरगरत फळांना दूर घेऊन जातं.

चित्रकार एका कागदावर जुलैतली फुलंही काढतो आणि त्यानंतर महिन्यांनी येणारी फळंही. निसर्गात ती अशी शेजारी दिसायची नाहीत, पण वनस्पतिचित्रात एवढी लबाडी चालते. किंबहुना त्यासाठीच ते काढायचं. कॅमेरा समोरचं एक पान टिपतो, कीड लागलेलं असेल तर किडीसकट. चित्रकार पन्नास पानं बघून त्यांतलं 'त्या झाडाचं' पान काढतो. म्हणून फोटोंचा सुकाळ झाला तरी झाडांचे अभ्यासक अजून चित्रं काढून घेतात.

आता या परक्या झाडाचं आमच्याकडे काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. सगळ्या सजीवांना दोन शब्दांची लॅटिन नावं देण्याची रीत रुळवली कार्ल लिनियस यांनी. त्यांचं आडनावच मुळी या झाडाचं. वडील विद्यापीठात शिकायला निघाले तेव्हा आडनाव हवं म्हणून त्यांनी घरच्या जमिनीवरच्या भल्या मोठ्या लिंडेनवरून ते घेतलं. या लिनियसचे एक शिष्य मार्टिन व्हाल. कोपनहेगनला 'फ्लोरा डानिका' हा तीन हजारांहून अधिक चित्रांचा ग्रंथ १७६१ ते १८८३ अशी सव्वाशे वर्षं निघत होता. व्हाल काही वर्षं त्याचे संपादक होते, म्हणजे वनस्पतींच्या चित्रांशी रोजची गाठ. त्याच सुमारास, १७९० साली, त्यांनी हिंदुस्थानातल्या एका झाडाचं नाव ठेवलं: 'ग्रेविया टिलिइफोलिया'. अर्थ असा की लिंडेनसारख्या पानांचं ग्रेविया.

हे झाड म्हणजे आपली धामण! (साप नव्हे, झाड.) फालशाची ही सख्खी बहीण. 'ग्रेविया' हा शब्दही चित्रांच्याच घरातला आहे. नेहेमाया ग्रू या इंग्रज वैद्याने १६८२ साली वनस्पतींच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे खोडांचे आडवे छेद त्यात चितारले, अगदी विणलेल्या जाळीसारखे. त्याच्या स्मरणार्थ लिनियसने हे नाव दिलं. म्हणजे धामणीच्या नावात एक चित्र काढणारा आणि एक न पाहिलेलं झाड, असे दोघे बसले आहेत.

माझं आजोळ किन्हीराजा, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं. गावाच्या नावातच मला किन्हईचं झाड ऐकू येतं. यंदा वैशाखात मामांकडे गेलो होतो. पांदणीच्या कडेला एक धामण उभी आहे, नवी पालवी आणि बारीक पिवळसर फुलांचे घोस घेऊन. मामांचा नातू वाशीमला सातवीत शिकतो. त्याने मोबाइल समोर धरला. मोबाइलने 'ग्रेविया' एवढंच सांगितलं आणि तो गप्प बसला. ऐंशी ओलांडलेले मामा मागून म्हणाले, "अबे, धामन हाय थे. पयले बंडीच्या दांड्या याच्याच राहत. कुऱ्हाडीचा दांडा, कावड, समदं याचंच. वाकन, पन मोडनार नाही."

लाकडाचा हा गुण पुस्तकांतही शब्दांच्या फरकाने असाच लिहिलेला आहे. सालीच्या आतल्या धाग्याचे दोर होत. लिंडेनच्याही सालीचे दोर युरोपात अश्मयुगापासून वळत आले आणि रशियातले शेतकरी तर तिच्या चपला विणून घालत. आणखी एक गंमत मामांना सांगितली तेव्हा त्यांनी आधी विश्वासच ठेवला नाही. १९९८ पासून जनुकांच्या आधारे वनस्पतींच्या कुळांची नवी मांडणी झाली. तीत लिंडेन आणि धामण भेंडीच्या कुळात आली. कपाशी, अंबाडी, काटेसावर त्याच घरची. म्हणजे बर्लिनच्या रस्त्यावरचं झाड आमच्या वावरातल्या पऱ्हाटीच्या नात्यातलं!

बंड्या गेल्या, दांडे बाजारात तयार मिळू लागले, तशी धामणीची गरजही सरली. अकोला-वाशीमच्या सीमेवर काटेपूर्णेचं अभयारण्य आहे, तिथल्यासारख्या रानांना कायद्याचं कुंपण असतं. बांधावरच्या झाडाला असतं फक्त गावाचं ओळखणं. पूर्वी कुऱ्हाड चाले, पण बुंधा जमिनीत राही आणि धामण पुन्हा फुटे. लिंडेनचंही तसंच. इंग्लंडच्या उत्तरेत उन्हाळा पुरेसा ऊबदार नसल्याने त्याचं बी क्वचितच धरतं. तरी बुंध्यातून पुनःपुन्हा फुटून काही झाडं हजार वर्षांहून अधिक टिकली आहेत, असं डोनाल्ड पिगॉट या अभ्यासकाने दाखवलं. यंत्र मात्र मुळासकट उचलतं. आमची पांदण रुंद होणार आहे. रस्ता हवाच, पावसाळ्यात तिथून आजारी माणूस नेण्याचे हाल मी पाहिले आहेत. पण धामण नेमकी मोजणीच्या आत येते.

मग पोराला कागद-पेन्सिल दिली. दापोडीची गोष्टही सांगितली. पुण्याजवळ दापोडीला सरकारी बाग होती. तिथे अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका चित्रकाराकडून झाडांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. चित्रं आज एडिंबरोला जपून ठेवलेली आहेत, चित्रकाराचं नाव मात्र कुणी टिपून ठेवलं नाही. तिकडे मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट यांनी आपल्या गोविंदू या चित्रकाराचं नाव एका ऑर्किडला दिलं होतं. सगळेच साहेब सारखे नसतात. पोराने हे ऐकून घेतलं आणि चित्राच्या खाली आधी स्वतःचं नाव लिहून टाकलं.

पहिलं पान त्याने अगदी सारखं काढलं, दोन्ही बाजू मोजून. "पुन्हा बघ," म्हटलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "काका, हे एका अंगाला मोठं आहे." व्हाल यांनी नाव ठेवताना जे लिंडेनचं पान आठवलं असेल, तेही देठाशी असंच कललेलं. मामांनी पान हातात घेऊन उलटंसुलटं केलं. इतकी वर्षं झाड तोडलं, वापरलं, पण हे कधी पाहिलं नव्हतं, म्हणाले.

चित्र अजून अर्धंच आहे. कागदाचा उजवा कोपरा फळांसाठी कोरा ठेवला आहे. फळं वाटाण्याएवढी, पिकल्यावर काळी, चवीला आंबटसर. काळ्या मातीत पाऊस सुरू झाला की यंत्र रुततं, तेव्हा पांदणीचं काम दिवाळीनंतरच निघेल, असं मामा म्हणतात. फळं त्याच्या आधी पिकतात.