चेंडू एक, वाटेकरी दोन

१२ सप्टेंबर २००४ रोजी पिट्सबर्ग स्टीलर्सच्या जेरोम बेटिसच्या हाती चेंडू पाच वेळा आला. पाचही वेळा मिळून तो धावला एक यार्ड, आणि तेवढ्यात त्याने तीन टचडाउन केले. ओकलंड रेडर्सच्या बचावफळीशी मैदानभर झुंजण्याचं काम त्या दिवशी मुख्यतः ड्यूस स्टेली करत होता. संघ गोलरेषेपाशी पोचला की धिप्पाड बेटिस आत यायचा. फॅन्टसी फुटबॉलच्या हिशेबात त्याला १८.१ गुण मिळाले. ज्यांनी ड्राफ्टमध्ये स्टेलीवर भरवसा टाकला होता, त्यांचा तो रविवार कसा गेला असेल ते सांगायला नको.

हा खेळ आहे अमेरिकन फुटबॉलभोवतीचा. रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ मध्ये न्यू यॉर्कच्या एका हॉटेलात सोबत्यांसह त्याचे नियम बांधले आणि पुढच्या वर्षी ओकलंडमध्ये आठ संघांची पहिली लीग उभी राहिली. आज ऑफिसात, शेजारात, कॉलेजच्या जुन्या मित्रांत अशा लीग असतात. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या मराठी घरांतही ऑफिसातल्या लीगचं आमंत्रण येतं, तेही ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे कधीकधी ऐन गणपतीच्या धामधुमीत. ड्रीम-इलेव्हनच्या सवयीने तिथे गेलात तर पहिला धक्का बसतो. ड्रीम-इलेव्हनमध्ये एकच विराट कोहली लाखो जणांच्या संघात असू शकतो. इथे दहा-बारा मालकांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच मालकाचा. ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने निवड होते आणि फेरी संपली की क्रम उलटा फिरतो. म्हणून खेळाडू चांगला आहे का, एवढं विचारून भागत नाही. तो कितव्या फेरीत घ्यायचा, हा खरा प्रश्न.

सर्वांत अवघड किंमत रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूची. दहा यार्डांना एक गुण, टचडाउनला सहा, आणि ज्या लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासला एक गुण असतो तिथे तोही वर. पूर्वी एकच पठ्ठ्या हे सगळं ओढायचा. २००६ मध्ये सॅन दिएगोच्या लाडेनियन टॉमलिन्सनने एका मोसमात ३१ टचडाउन केले. तो ज्याच्याकडे होता, त्याला बाकी फारसं काही करावं लागलं नाही. त्याच वर्षी कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनकडून विक्रमी ४१६ कॅरी करून घेतल्या, म्हणजे तितक्यांदा चेंडू त्याच्या हाती देऊन त्याला बचावफळीवर पाठवलं. पुढच्या मोसमात तो आठच सामने खेळू शकला. गुडघे, घोटे, पगाराची मर्यादा आणि पासवर वाढलेला भर, या सगळ्यामुळे प्रशिक्षक काम वाटून देऊ लागले. आता दोन रनिंग बॅकमध्ये वाटलेलं काम हीच सर्वसाधारण गोष्ट आहे.

वाटेकरी दिसला की बहुतेक मालक घाबरतात. ‘साठ टक्के कॅरी याला, चाळीस त्याला’ असा हिशेब मांडतात आणि दोघांनाही खाली ढकलतात. माझ्या मते चूक इथेच होते. शेताच्या वाटणीत कोणाला किती एकर आले याआधी विहीर कोणाच्या वाट्याला गेली ते पाहतात. इथेही तेच करावं लागतं. साधा हिशेब करा. मैदानाच्या मध्यावर एक कॅरी सरासरी चार यार्डांहून थोडी जास्त देते, म्हणजे जेमतेम ०.४ गुण. रनिंग बॅककडे फेकलेल्या चार पासांपैकी साधारण तीन झेलले जातात. झेललेल्या पासवर सात यार्ड धरले तर झेलाला १.७ गुण, म्हणजे फेकलेल्या प्रत्येक पासला सव्वा. एक पास तीन कॅरींच्या बरोबरीचा झाला. गोलरेषेपासून यार्डभर अंतरावरची कॅरी निम्म्याच्या आसपास वेळा टचडाउन देते. तिची किंमत तीन गुण, म्हणजे मध्यावरच्या सात कॅरी. चेंडू किती वेळा मिळाला, यापेक्षा कुठे आणि कसा मिळाला हे पाहायचं ते यासाठी.

२०१७ चे न्यू ऑर्लीन्स सेंट्स याचं सर्वांत ठळक उदाहरण. मोसमाच्या सुरुवातीला तिथे तिघे होते. जुना मुरलेला मार्क इंग्रम, नुकताच आलेला दिग्गज एड्रियन पीटरसन, आणि संघाने नवोदितांच्या निवडीत तिसऱ्या फेरीत घेतलेला नवखा अल्विन कमारा. एवढी गर्दी पाहून कमाराला कोण विचारणार? ऑक्टोबरमध्ये पीटरसनला ॲरिझोनाला धाडलं आणि चित्र स्पष्ट झालं. मोसमाअखेर इंग्रमच्या २३० कॅरी, कमाराच्या १२०. पण कमाराने ८१ पास झेलले, त्यांवर ८२६ यार्ड मिळवले आणि गुणांत इंग्रमला मागे टाकलं. आणि इंग्रमही उपाशी राहिला नाही: १,१२४ यार्डांची धाव, १२ टचडाउन. दोघांनीही धावून आणि झेलून मिळून १,५०० यार्डांचा टप्पा ओलांडला; एकाच संघातल्या दोन रनिंग बॅकना हे त्याआधी कधीच जमलं नव्हतं.

न्यू इंग्लंड पॅट्रियट्समध्ये वाटणी आणखी काटेकोर होती. २०१६ मध्ये लगॅरेट ब्लाउंटने १८ टचडाउन केले, पण पास झेलले फक्त सात. जेम्स व्हाइटने उभ्या मोसमात ३९ कॅरी केल्या आणि पास झेलले ६०. संघ आघाडीवर असेल तर ब्लाउंटचा दिवस, पिछाडीवर असेल तर व्हाइटचा. त्या मोसमाच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये, पॅट्रियट्स अटलांटाविरुद्ध २५ गुणांनी मागे पडले आणि व्हाइटने १४ पास झेलले आणि तीन टचडाउन केले. अर्थात तोवर फॅन्टसीचे मोसम केव्हाच संपले होते.

याच संघाने फॅन्टसीवाल्यांना दिलेला दुसरा धडा जोनास ग्रे. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याने इंडियानापोलिसविरुद्ध ३७ कॅरींत २०१ यार्ड आणि चार टचडाउन केले. देशभर लोक त्याच्यावर तुटून पडले. त्याच आठवड्यात तो सरावाला उशिरा पोचला, आणि पुढच्या सामन्यात प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला एकदाही मैदानात उतरवलं नाही. नुकताच परत घेतलेला ब्लाउंट दोन टचडाउन करून मोकळा झाला. एका सामन्याच्या आकड्यांवर वाटणी ठरवू नये. खेळाडू तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, मैदानात असतो का, सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत असतो का, ते सलग तीन-चार आठवडे पाहावं.

एक वाटेकरी यादीत दिसतच नाही, तो म्हणजे पास फेकणारा क्वार्टरबॅक. २०२३ मध्ये फिलाडेल्फियाचा डिआंड्रे स्विफ्ट १,०४९ यार्ड धावला, पण धावून केलेले टचडाउन पाचच. गोलरेषेपाशी जेलन हर्ट्स स्वतःच चेंडू घेऊन घुसायचा आणि सहकारी त्याला मागून रेटायचे. त्याने १५ टचडाउन केले. शिवाय असा क्वार्टरबॅक अडचणीत सापडला की बॅककडे छोटा पास टाकण्याऐवजी स्वतः पळतो. दोन्हीकडून तोटा.

वाटणी परवडते कधी? वाटायला भरपूर असेल तेव्हा. डेट्रॉइट लायन्सकडे २०२३ मध्ये डेव्हिड माँटगोमरी १,०१५ यार्ड आणि १३ टचडाउन, तर नवोदितांच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतलेला जमीर गिब्स ९४५ यार्ड, १० टचडाउन आणि ५२ झेल. पुढच्या वर्षी लायन्सनी लीगमधले सर्वाधिक ५६४ गुण केले. गिब्सचे २० टचडाउन झाले, तरी माँटगोमरीने १४ सामन्यांत धावून १२ केलेच. ड्राफ्टमध्ये मात्र माँटगोमरी गिब्सनंतर कित्येक फेऱ्यांनी जात होता. दुबळ्या संघाचा एकटा राजा आणि तगड्या संघाचा दुसरा मानकरी एकाच फेरीत दिसले, तर मी दुसरा मानकरी उचलतो. त्याच्या किमतीत एक विमाही फुकट मिळतो: पहिला जखमी झाला की सगळं त्याचं. हे उलटही होतं. डिसेंबरमध्ये माँटगोमरीचा गुडघा दुखावला आणि गिब्स एकटा पडला. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात मिनेसोटाविरुद्ध त्याने चार टचडाउन केले, पण तो अठरावा आठवडा होता. बहुतेक लीगचे करंडक आठवडाभर आधीच वाटून झाले होते.

कोणाला टाळायचं? जो मधला आहे त्याला. चाळीस टक्के कॅरी, झेल दुसऱ्याकडे, गोलरेषा तिसऱ्याकडे, आणि संघ पिछाडीवर राहणारा. तो आठवड्याला सहा-सात गुण देतो, बाकावरून काढवत नाही आणि खेळवायची हिंमत होत नाही. त्याच्या जागी शेवटच्या फेऱ्यांत सरळ एखादा बदली खेळाडू घ्यावा, जो आज शून्य देईल पण पुढचा माणूस पडला तर वीस कॅरी करेल.

आणि नवख्यांच्या बाबतीत थोडा धीर. अटलांटाने २०२३ मध्ये बिजान रॉबिन्सनला आठव्या क्रमांकावर निवडलं आणि वर्षभर त्याच्या २१४ कॅरींच्या जोडीला टायलर अल्जीयरला १८६ दिल्या. पहिल्या फेरीत रॉबिन्सन घेतलेले मालक प्रशिक्षक आर्थर स्मिथ यांच्या नावाने खडे फोडत होते. मोसम संपल्यावर स्मिथ गेले. २०२४ मध्ये रॉबिन्सनला ३०४ कॅरी मिळाल्या, अल्जीयर त्याच संघात असताना.