गालावरची लाली : पायावर की थेट त्वचेवर?

गोव्यातील लग्नघरांना बेळगावची वाट नवी नाही. चोर्ला घाटातून जांबोटीमार्गे किंवा अनमोडहून खानापूरमार्गे वर चढावे, शहापूरच्या पेठेत साड्या पाहाव्यात, गणपत गल्ली आणि खडेबाजारात उरलीसुरली खरेदी आटोपून सायंकाळी परतावे, हा अनेक कुटुंबांचा पिढीजात परिपाठ आहे. सोयरीकही याच वाटेने होते. बेळगाव-निपाणीकडची मुलगी गोव्यात येते, गोव्याची मुलगी तिकडे नांदायला जाते. साडी आणि दागिन्यांबरोबर आता प्रसाधनाची पेटीही या वाटेने ये-जा करू लागली आहे. मात्र साडी जशी दोन्हीकडे सारखीच शोभते, तशी गालावरची लाली शोभत नाही. पठारावरच्या कोरड्या हवेत सकाळी नीट बसलेला रंग घाट उतरून फोंड्याला पोहोचेपर्यंत ओघळतो, फुटतो किंवा ठिपक्याठिपक्यांनी उठून दिसतो. दोष बहुधा रंगाचा नसतो, तो ज्यावर लावला त्या पायाचा असतो. म्हणूनच ब्लश, म्हणजे आपली जुनी लाली, फाउंडेशनवर लावावी की थेट त्वचेवर, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

लाली मुळात कशासाठी?

गालांच्या त्वचेखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. लाज, आनंद, श्रम किंवा ऊन यांमुळे त्या रुंदावतात आणि गाल आरक्त होतात. चार्ल्स डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या भावनांच्या अभिव्यक्तीवरील आपल्या ग्रंथात या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. हा आरक्तपणा बहुधा सर्वच मानववंशांत आढळतो, सावळ्या वर्णात तो केवळ कमी दिसतो, असे त्याचे निरीक्षण होते. प्रसाधनातील लाली ही याच नैसर्गिक घटनेची नक्कल होय.

फाउंडेशनचे काम याच्या उलट असते. ते डाग झाकते, वर्ण एकसारखा करते आणि तसे करताना गालांची मूळची लालीही झाकून टाकते. परिणामी चेहरा स्वच्छ दिसतो, पण सपाट वाटतो. फाउंडेशननंतर लाली लावायची ती पुसलेला रंग परत आणण्यासाठी. फाउंडेशन नसेल तर गालांवर मूळचा रंग शिल्लकच असतो. तेथे लाली केवळ भर घालते. एवढा भेद ध्यानात आला की पुढचे बरेच नियम आपोआप सुटतात. पाया जितका दाट, तितकी लाली अधिक लागते; पाया नसेल तर बोटाच्या टोकावर येईल एवढीच पुरते.

रंगभूमीकडून आलेली सवय

भरपूर पाया आणि त्यावर ठसठशीत लाली ही पद्धत आपल्याकडे रंगभूमीने रुळवली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणले आणि संगीत नाटकाची मोठी परंपरा सुरू झाली. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करीत. दिव्यांच्या मर्यादित उजेडात शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला शकुंतलेचा चेहरा दिसावा, शिवाय दाढीची निळसर छटा झाकली जावी, यासाठी जाड पाया अपरिहार्य होता. आणि त्या पायावर लाली न भरली तर चेहरा मुखवट्यासारखा दिसला असता. दशावतारात आजही कलावंत याच क्रमाने स्वतःचा चेहरा रंगवतात.

आजच्या वधूच्या प्रसाधनाला छायाचित्रकाराच्या झगझगीत प्रकाशाचे निमित्त आहे, पण तर्क रंगभूमीचाच आहे. छायाचित्रासाठी तो योग्यही ठरतो. अडचण होते ती हाच तर्क बारशाला, हळदीकुंकवाला किंवा रोजच्या कचेरीला लावला जातो तेव्हा. दोन हातांच्या अंतरावरून पाहणाऱ्या माणसासाठी रंगमंचाचा पाया लागत नाही.

पाया असताना

येथे एकच सूत्र सांभाळावे : ओल्यावर ओले, कोरड्यावर कोरडे. लाली तीन प्रकारांत मिळते. भुकटीच्या लालीत शंखजिरे, अभ्रक आणि रंगद्रव्य असते. मलमासारख्या लालीत मेण व तेल असते. द्रव लालीत पाणी अधिक असते आणि ती चटकन सुकून त्वचेला धरते. फाउंडेशन लावून ते बसले, की त्यावर आधी मलमाची किंवा द्रव लाली बोटाने वा ओलसर स्पंजने टिपून लावावी आणि मगच पावडरचा हलका थर द्यावा. भुकटीची लाली मात्र पावडरनंतर, मऊ ब्रशने फिरवावी. पावडरवर मलम चोळले तर थर गोळा होऊन त्याच्या वळ्या सुटतात. ओल्या फाउंडेशनवर भुकटी टाकली तर ती जेथे पडली तेथेच डाग धरून बसते.

घाट उतरून दमट हवेत जायचे असेल, तर द्रव किंवा मलमाची लाली फाउंडेशनच्या आधी लावावी आणि वर फाउंडेशनचा अगदी पातळ थर टिपावा. घामाने वरचा थर थोडा सुटला तरी खालचा रंग बराचसा टिकतो, शिवाय तो आतून उमटल्यासारखा दिसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि थंडीत तेथील हवा चांगलीच कोरडी असते. तेथे त्वचेला आधी भरपूर ओलावा देणारे मलम लागते, अन्यथा पाया खपल्यांसारखा दिसतो. तेच जड मलम लावून गोव्यात उतरले तर घामाबरोबर सारा साज घसरतो. लग्न एकीकडे आणि स्वागतसमारंभ दुसरीकडे असेल, तर दोन्हीकडे एकच पद्धत वापरू नये.

पाया नसताना

रोजच्या वापरासाठी पायाविना लाली हा अधिक सोपा, स्वस्त आणि त्वचेला मानवणारा मार्ग आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दिवस काढून संध्याकाळी हळदीकुंकवाला निघणाऱ्या बाईला तासभर आरशापुढे बसणे परवडत नाही. तिला पाच मिनिटांत आवरायचे असते. तिच्यासाठी क्रम असा : हात आणि चेहरा स्वच्छ धुवावा, पातळ मलम लावावे, दिवसाचा कार्यक्रम असेल तर ऊन अडवणारे मलम लावावे आणि ते मुरायला पाच-दहा मिनिटे द्यावीत. त्यानंतर मलमाची किंवा द्रव लाली बोटाने टिपावी. चोळू नये, चोळल्याने खालचे मलम सुटून त्याचे गोळे होतात.

उघड्या त्वचेवर भुकटीची लाली लावता येत नाही असे नव्हे, पण तेलकट त्वचेवर ती ठिपक्यांनी उठते. जेथे तेल अधिक, तेथे भुकटी भिजते आणि गडद होते. जेथे कमी, तेथे फिकी राहते. म्हणून आधी मऊ सुती कापडाने चेहरा टिपून घ्यावा.

जागेचा नियम दोन्हीकडे सारखा. हसल्यावर गालाचा जो भाग वर येतो केवळ त्यावरच रंग ठेवला, तर हसू ओसरताच तो खाली उतरून चेहरा ओढल्यासारखा वाटतो. त्या उंचवट्याच्या किंचित वरून सुरुवात करून रंग कानशिलाच्या दिशेने विरळ करीत न्यावा. नाकापासून दोन बोटांचे अंतर सोडावे.

गालांवर वांग असेल किंवा मुरमे ताजी असतील, तर मधला मार्ग बरा. लाली वांगावर पडली की तो डाग झाकला जात नाही, उलट अधिक गडद होतो. अशा वेळी संपूर्ण चेहऱ्याला पाया देण्याऐवजी तेवढ्याच जागी कन्सीलर टिपावा आणि लाली डागापासून थोडी वर, गालफडाच्या हाडाकडे न्यावी.

सावळ्या वर्णाचा प्रश्न

सीमाभागात काय आणि गोव्यात काय, वधूला तिच्या वर्णापेक्षा दोन छटा उजळ पाया देण्याचा आग्रह अजूनही धरला जातो. त्यावर फिकी गुलाबी लाली आली की चेहरा राखाडी दिसतो, कारण फिक्या गुलाबीत पांढरे रंगद्रव्य बरेच असते आणि सावळ्या त्वचेवर ते पिठासारखे उमटते. विटकरी, डाळिंबी, गडद गुलाबी आणि जांभळट छटा सावळ्या वर्णावर जिवंत दिसतात, त्याही पायाविना. पायाची छटा गालावर न ठरवता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात ठरवावी. मान आणि चेहरा एकाच माणसाचे दिसले पाहिजेत.

छटा ठरवण्याचे काम हळदीच्या आधी उरकावे हेही सांगायला हवे. हळदीतील पिवळे द्रव्य त्वचेवर एक-दोन दिवस रेंगाळते आणि त्या पिवळेपणावर जुळवलेला पाया नंतर चुकीचा ठरतो. ते द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून हळद उतरवायला आधी खोबरेल तेल आणि मग सौम्य साबण वापरावा. सोडा चोळू नये. हळद क्षारांच्या संपर्कात लाल होते. चुन्याच्या संस्काराने हळदीचे कुंकू होते ते याच कारणाने. शिवाय सोड्याने त्वचेचे संरक्षक आवरण दुखावते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कोणताच थर नीट बसत नाही.

डबीत काय आहे?

पायाविना लाली लावताना रंगद्रव्य जवळजवळ थेट त्वचेला भिडते, म्हणून त्याची पारख अधिक महत्त्वाची. लालीतील तांबूस रंग पुष्कळदा लोहाच्या ऑक्साइडचा असतो. अंगणातील गेरूचा रंगही त्याचाच. प्रसाधनात मात्र शुद्ध स्वरूपातील वापरतात. वेष्टनावर तो सी.आय. ७७४९१ या क्रमांकाने नोंदलेला असतो. सी.आय. ७५४७० म्हणजे कारमाइन. हा रंग कोचिनील नावाच्या कीटकापासून काढतात. बेळगाव-निपाणी पट्ट्यातील जैन आणि इतर शाकाहारी कुटुंबांनी हा क्रमांक अवश्य पाहावा.

लाली संपली म्हणून कुंकू किंवा गुलाल गालाला लावण्याची क्लृप्ती धोक्याची आहे. बाजारातील पुष्कळसे कुंकू आज हळदीचे नसून कृत्रिम रंगांचे असते आणि त्याने कपाळावर त्वचादाह झालेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांना परिचित आहेत. त्याहून गंभीर धोका पायाखाली लावल्या जाणाऱ्या, झटपट गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या बेनामी मलमांचा. त्यांत पारा असू शकतो आणि पारा मूत्रपिंडांना इजा करतो. केरळमधील डॉक्टरांनी २०२३ मध्ये अशी प्रकरणे उजेडात आणली. देशातील प्रसाधनविषयक नियमांनुसार, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत नकळत आलेला पाराही दशलक्ष भागांत एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. ज्या डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि मुदत नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

नवी लाली किंवा नवे फाउंडेशन समारंभाच्या दिवशी प्रथमच लावणे टाळावे. आठवडाभर आधीपासून कोपराच्या आतल्या बाजूस दिवसातून दोनदा थोडेसे लावून पाहावे. खाज, लाली वा पुरळ उठल्यास ते उत्पादन बाजूला ठेवावे आणि त्रास न थांबल्यास डॉक्टरांना दाखवावे.

सारांश इतकाच : दूरच्या नजरेसाठी आणि छायाचित्रासाठी पाया हवा, जवळच्या नजरेसाठी तो बहुधा नको. कोरड्या हवेत ओलावा आधी सांभाळावा, दमट हवेत थर कमी करावेत. आणि पायाविना लाली लावायची असेल, तर आरशापासून दोन पावले मागे सरून एकदा पाहावे : गालावर रंग आधी दिसला तर तो जास्त झाला, चेहरा आधी दिसला तर तो पुरेसा आहे.