पाठीवरील बिंदू आणि आतील अवयव : ॲक्युपंक्चरचा नकाशा काय सांगतो?

ॲक्युपंक्चरच्या बहुतेक चिकित्सालयांत भिंतीवर एक चित्र टांगलेले असते. त्यात पाठमोरा उभा असलेला मनुष्य दिसतो. त्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेच्या खालपर्यंत ओळीने ठिपके मांडलेले असतात आणि ठिपक्यांपुढे फुप्फुस, हृदय, यकृत, पित्ताशय, जठर, मूत्रपिंड अशी अवयवांची नावे लिहिलेली असतात. आपली पाळी येईपर्यंत हे चित्र न्याहाळणाऱ्या रुग्णाचा साहजिकच असा समज होतो की, विजेच्या बटणाचा दिव्याशी जो संबंध, तोच या ठिपक्यांचा त्या त्या अवयवाशी असावा. ठिपका दाबला, तेथे सुई टोचली, की आतील अवयव दुरुस्त! या समजात काही अंश तथ्याचा आहे आणि काही अंश घातक आहे. हे दोन्ही वेगळे करून पाहणे आवश्यक आहे.

चिनी भाषेत या बिंदूंना ‘बेई-शू’ म्हणतात. ‘बेई’ म्हणजे पाठ. ‘शू’ या शब्दाचा अर्थ पोचवणे, वाहून नेणे. अवयवाची प्राणशक्ती, चिनी परिभाषेत ‘ची’, ज्या ठिकाणी पाठीच्या पृष्ठभागापर्यंत पोचते ती जागा, असा त्यामागील भाव आहे. हे बिंदू मूत्राशयाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहिनीवर येतात. ही वाहिनी डोळ्याच्या आतील कोपऱ्यापासून निघते, डोक्यावरून पाठीवर उतरते आणि पायाच्या करंगळीपाशी संपते. तिच्यावर एकूण ६७ बिंदू मानले जातात.

बिंदू शोधण्याची रीत आपल्याकडील वाचकांना अपरिचित वाटणार नाही. चिनी वैद्य ‘त्सुन’ हे माप वापरतात आणि एक त्सुन म्हणजे रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याच्या सांध्याची रुंदी. आयुर्वेदातही ‘अंगुल’ हे माप ज्याचे त्याच्या बोटानेच मोजतात. बेई-शू बिंदू कण्याच्या मध्यरेषेपासून दीड त्सुन अंतरावर, म्हणजे तर्जनी आणि मधले बोट जोडून ठेवल्यास होणाऱ्या रुंदीएवढे बाजूला असतात. छातीच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर फुप्फुसाचा, पाचव्याच्या पातळीवर हृदयाचा, नवव्याला यकृताचा, दहाव्याला पित्ताशयाचा, अकराव्याला प्लीहेचा, बाराव्याला जठराचा बिंदू सांगितला आहे. कमरेच्या दुसऱ्या मणक्यापाशी मूत्रपिंडाचा, तर त्रिकास्थीच्या दुसऱ्या छिद्राच्या पातळीवर मूत्राशयाचा बिंदू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पश्चिम प्रशांत विभागाने २००८ साली ३६१ ॲक्युपंक्चर बिंदूंच्या जागा प्रमाणित करून प्रसिद्ध केल्या. त्यांत हे सर्व बिंदू आहेत.

या नकाशाचा सर्वांत जुना आधार म्हणजे ‘ह्वांगदी नेईजिंग’ हा दोन हजार वर्षांपूर्वीचा चिनी वैद्यकग्रंथ. त्याच्या ‘लिंगशू’ या भागातील एकावन्नावे प्रकरण पाठीवरील याच बिंदूंना वाहिलेले आहे. त्यात बिंदू पडताळण्याची सोपी कसोटी दिली आहे : जागेवर दाब द्यावा, आत प्रतिसाद जाणवून वेदना शमली तर तोच बिंदू. मात्र त्यापुढील सूचना आजच्या चित्रांत कोठेही दिसत नाही. या बिंदूंवर शेक द्यावा, सुई टोचू नये, असे हाच ग्रंथ सांगतो. शेक म्हणजे दवण्याच्या जातकुळीतील वनस्पतीची वाळलेली पाने जाळून दिलेली ऊब. सुईला मनाई का असावी, याचा उलगडा पुढे येईलच.

आता प्रश्न असा की, आतील अवयवाचा आणि पाठीच्या कातडीचा काही संबंध असतो काय? असतो, आणि तो पाश्चात्त्य वैद्यकानेही स्वतंत्रपणे शोधून काढला. लंडनचे चेतातज्ज्ञ हेन्री हेड यांनी १८९३ साली आतील अवयवांच्या विकारांत त्वचेवर कोठे हळवेपणा येतो याचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. जठर, यकृत, हृदय यांचे विकार असलेल्या रुग्णांच्या छाती, पोट व पाठीवरील ठरावीक पट्टे साध्या स्पर्शानेही दुखतात, असे त्यांना आढळले. पुढे १९०० साली त्यांनी कॅम्बेल यांच्यासह नागिणीच्या रुग्णांचा अभ्यास केला. नागीण उठते ती मज्जातंतूच्या मार्गानेच, अंगाच्या एका बाजूला पट्ट्यासारखी. त्यामुळे कोणता मज्जातंतू त्वचेचा कोणता भाग सांभाळतो याचा नकाशाच या रोगाने आखून दिला. वैद्यकाच्या पुस्तकांत हे भाग आजही ‘हेडचे पट्टे’ म्हणून ओळखले जातात.

याचे कारण मज्जारज्जूच्या रचनेत आहे. गर्भावस्थेत शरीर एकावर एक रचलेल्या खंडांतून घडत जाते आणि प्रत्येक खंडाचे मज्जातंतू त्याच पातळीवर मज्जारज्जूत शिरतात. हृदयाकडून येणारे वेदनातंतू आणि छाती, पाठ व डाव्या हाताच्या त्वचेकडून येणारे तंतू मज्जारज्जूतील एकाच पेशीसमूहावर येऊन मिळतात. मेंदूला आयुष्यभर त्वचेकडूनच संदेश मिळण्याची सवय असते. त्यामुळे हृदयाची हाक आली तरी तो ती हातातून किंवा पाठीतून आली असे मानतो. खोली एकाची आणि दारावर पाटी दुसऱ्याची, असा हा प्रकार आहे.

चिनी नकाशा या रचनेशी ताडून पाहिला तर निष्कर्ष संमिश्र येतो. हृदयाचे वेदनातंतू छातीच्या पहिल्या ते पाचव्या खंडांत शिरतात. चिनी बिंदू पाचव्या मणक्यापाशी आहे. यकृत व पित्ताशयाचे तंतू साधारण सहाव्या ते दहाव्या खंडांतले. बिंदू नवव्या व दहाव्या मणक्यांपाशी. मूत्राशयाचे काही तंतू त्रिकास्थीच्या दुसऱ्या ते चौथ्या खंडांतून जातात. बिंदू दुसऱ्या छिद्राशी. येथपर्यंत मेळ लक्षणीय आहे. पण जठराचे तंतू सहाव्या ते नवव्या खंडांतले असताना त्याचा बिंदू बाराव्या मणक्याशी आहे आणि लहान आतड्याचा बिंदू तर थेट त्रिकास्थीवर, त्याच्या मज्जातंतूंपासून पुष्कळच खाली. शिवाय वर फुप्फुस, मध्ये यकृत, खाली मूत्राशय हा क्रम शरीराची जुजबी माहिती असलेल्या कोणीही लावला असता, हेही विसरता येत नाही. प्राचीन चिनी वैद्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते, एवढे निश्चित म्हणता येते. प्रत्येक ठिपक्यामागे मज्जातंतू आहे, असे म्हणता येत नाही.

येथवरचा पुरावा अवयवाकडून पाठीकडे जाणाऱ्या रस्त्याचा आहे. चित्र मात्र उलट्या दिशेचा दावा करते : पाठीवर सुई टोचल्यास अवयव सुधारतो. रस्ता एका बाजूने वाहता आहे म्हणून तो दुसऱ्या बाजूनेही तितकाच वाहता असेल, असे गृहीत धरता येत नाही.

या उलट दिशेचा शोध जपानमधील शरीरक्रियातज्ज्ञ आकिओ सातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे घेतला. भूल दिलेल्या उंदरांच्या पोटाच्या भागात सुईने उत्तेजन दिल्यास जठराची हालचाल मंदावते आणि पायाला दिल्यास ती वाढते, असे त्यांनी १९९३ साली मांडले. पहिला परिणाम अनुकंपी चेतांमधून, तर दुसरा व्हेगस या मेंदूतून निघणाऱ्या लांब चेतेमार्गे होत होता. पुढे २०२१ साली बोस्टन येथील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयातील च्यौफू मा व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, मागच्या पायातील विशिष्ट बिंदूला सौम्य विद्युत्-उत्तेजन दिल्यास विशिष्ट प्रकारच्या मज्जातंतूंद्वारे शरीरातील दाह कमी करणारी यंत्रणा जागी होते. पोटावरील बिंदूला तेच उत्तेजन दिल्यास तसे होत नाही. म्हणजे जागेला महत्त्व आहे. परंतु हे प्रयोग उंदरांवरील आहेत, पाय व पोटावरील आहेत. त्यांवरून माणसाच्या पाठीवरील सुईने मूत्रपिंडाचा जुना विकार बरा होतो, असा निष्कर्ष निघत नाही. ॲक्युपंक्चरच्या जाहिरातींत मात्र ही उडी सर्रास मारली जाते.

माणसांवरील चाचण्यांत सर्वाधिक काम वेदनेवर झाले आहे. जर्मनीत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, बिंदू नसलेल्या जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, तर प्रचलित उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना सहा महिन्यांनंतर समाधानकारक आराम होता. सुईने आराम पडला, हे खरे. पण सुई नेमकी कोठे टोचली याने फारसा फरक पडला नाही, हेही तितकेच खरे. नेमक्या बिंदूंवर सारी भिस्त ठेवणाऱ्या शास्त्रासाठी दुसरी गोष्ट अडचणीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली कंबरदुखीविषयी दिलेल्या मार्गदर्शनात सुईच्या उपचारांना सशर्त स्थान दिले, ते वेदनेसाठी. वेदनेखेरीज इतर तक्रारींत तुलनेने बरा पुरावा आहे तो शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीबाबत, आणि तो बिंदू पाठीवर नसून मनगटाच्या आतील बाजूस आहे!

गोंधळाचे आणखी एक कारण शब्दांत दडले आहे. चिनी वैद्यकातील ‘शेन’ या शब्दाचे भाषांतर मूत्रपिंड असे होते. पण त्या परंपरेत शेन म्हणजे वाढ, प्रजनन, हाडांची बळकटी, वार्धक्य अशा कितीतरी गोष्टींचा मूलाधार. तेथील ‘प्लीहा’ मुख्यतः पचनाचे काम करते. आधुनिक शरीरशास्त्रातील प्लीहेचा पचनाशी संबंध नाही. म्हणून चिकित्सकाने ‘तुमचे मूत्रपिंड अशक्त आहे’ असे म्हटले, तर त्याचा अर्थ रक्तातील क्रिएटिनिन वाढले आहे असा होत नाही. उलटपक्षी, क्रिएटिनिन खरोखरच वाढलेले असेल तर मूत्रपिंडाच्या बिंदूवरील सुयांच्या भरवशावर राहणे अंगलट येईल.

भारतात ही पद्धती आली ती एका हृद्य इतिहासाच्या वाटेने. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि कोलकात्याचे डॉ. बी. के. बसू होते. कोटणीस १९४२ साली चीनमध्येच निवर्तले. ते शल्यचिकित्सक होते. ॲक्युपंक्चर भारतात आणल्याचे श्रेय बसू यांचे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तेथे ही विद्या शिकले आणि परतल्यावर त्यांनी कोलकात्यात ती सुरू केली. पश्चिम बंगालने १९९६ साली तिच्यासाठी कायदा केला. केंद्र सरकारने २०१९ साली तिला मान्यता दिली. महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा असून चिकित्सकांच्या नोंदणीची व्यवस्था आहे. सुया टोचून घेण्यापूर्वी नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

ही चौकशी पाठीच्या बाबतीत अधिकच गरजेची आहे. पोट विहिरीसारखे खोल आणि पाठ भाकरीसारखी पातळ, अशा अर्थाची एक म्हण चिनी वैद्यांत प्रचलित आहे. छातीच्या मणक्यांलगतच्या बिंदूंखाली काही स्नायू, बरगड्यांमधील फट आणि लगेच फुप्फुस असते. म्हणूनच जुन्या ग्रंथाने येथे सुईला मनाई केली असावी. आजची पाठ्यपुस्तके सुई तिरकी, कण्याच्या दिशेने आणि अर्धा ते पाऊण त्सुन एवढीच घालण्यास सांगतात. ती सरळ व खोल गेली तर फुप्फुसाच्या आवरणाला छिद्र पडून छातीत हवा भरू शकते. असे क्वचितच घडते. जर्मनीतील २,२९,२३० रुग्णांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशी दोनच प्रकरणे आढळली. परंतु कृश व्यक्तींना आणि दम्याच्या जुन्या रुग्णांना हा धोका अधिक असतो. त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो. पाठीवर सुया टोचून घेतल्यानंतर छातीत कळ, कोरडा खोकला किंवा धाप जाणवल्यास घरी न थांबता रुग्णालय गाठावे आणि सुया टोचल्याचे तेथील डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

याहून मोठा धोका सुईचा नाही, विलंबाचा आहे. अवयव पाठीतून बोलतात, हेच तर हेड यांनी आणि त्यांच्या कितीतरी आधी चिनी वैद्यांनी सांगितले. मग पाठ दुखते तेव्हा आतून कोण बोलत आहे, हे आधी शोधायला हवे. खांद्यांच्या दोन पात्यांमध्ये एकाएकी उठलेली तीव्र कळ हृदयविकाराची किंवा महारोहिणीचे अस्तर फाटल्याची असू शकते. स्त्रियांत आणि मधुमेहींत हृदयविकाराचा झटका छातीत विशेष न दुखताही येतो. उजव्या पात्याखालची कळ पित्ताशयातील खड्यांची, पोटातून आरपार पाठीत जाणारी वेदना स्वादुपिंडाच्या दाहाची, कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ मूतखड्याची असू शकते. सुईने वेदना खरोखरच काही काळ कमी होते, आणि धोका आहे तो याच कारणाने : दुखणे थांबले म्हणून रुग्ण निश्चिंत होतो, आत मात्र रोग वाढत राहतो. घाम, धाप, ताप, उलट्या, लघवीतून रक्त किंवा पायांतील बधिरता यांपैकी काहीही पाठदुखीच्या जोडीला असेल, तर आधी हृदयालेख, रक्ततपासणी, सोनोग्राफी यांपैकी डॉक्टर सांगतील ते करून घ्यावे. सुयांचा विचार त्यानंतर करता येईल.