शून्य लिहायला विसरू नका

जानेवारीची पहाट. निफाडची थंडी बोटांत शिरलेली. चापडगावच्या मनोऱ्यावरून नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय हळूहळू उजळतो आणि पहिल्यांदाच आलेला माणूस गांगरतो: एवढे पक्षी मोजायचे कसे?

एकेक करून नाहीच. थव्याच्या कडेचे दहा पक्षी नीट मोजायचे, ते दहा डोळ्यांत बसवायचे आणि तेवढ्याच मापानं थवा मापत जायचं. थवा मोठा असेल तर माप पन्नासाचं, शंभराचं. एकानं दुर्बीण सोडायची नाही, दुसऱ्यानं वही. मध्येच एखादा शिकारी भोवत्या घिरटी घालतो, बदकं उठतात आणि आकडा पाण्यात जातो. ती बसली की पुन्हा पहिल्यापासून.

ओळखायला मराठी नावंच मदतीला येतात. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी लाल ठिपके, ते हळदी-कुंकू बदक. पसरट चोचीचा थापट्या. काटक्यांसारख्या लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा लावलेला वारकरी. तरीही ओळख पटली नाही, तर ‘अनोळखी बदके, ४०’ असं सरळ लिहावं; हौसेनं दुर्मीळ नाव ठोकून देऊ नये.

ही मोजणी आशियाई पाणपक्षी गणनेची; ती १९८७ पासून दर जानेवारीत होते. तोवर स्थलांतर करून आलेले पक्षी पाणवठ्यांवर स्थिरावलेले असतात. या आकड्यांना वजन आहे. नियमितपणे २०,००० पाणपक्षी, किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येपैकी १ टक्का पक्षी जिथे येतात, ती पाणथळ रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरू शकते. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.

एका वर्षाच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये. पाऊस भरपूर झाला की जागोजागी पाणी साचतं, पक्षी विखुरतात. धरण तुडुंब असेल तर चिखल बुडतो आणि चिखलात चोच खुपसणारे दुसरीकडे जातात. म्हणून मोजणाऱ्यानंही वारकरीच व्हावं: तीच जागा, तीच वेळ, दरवर्षी.

त्यासाठी नांदूरच गाठायला हवं असं नाही, गावचं तळंही चालेल. तिथं काहीच दिसलं नाही, तर तारीख-वेळ घालून शून्य मांडावं. ओळ कोरी राहिली, तर पक्षी आले नव्हते की माणूसच गेला नव्हता, हे पुढे कुणालाच कळत नाही.